शून्य दराच्या पावत्या आणि कंस्ट्रक्टर : माझा अनुभव

दूध संकलन केंद्रांसाठीचं जावामधलं एक सॉफ्टवेअर मी सांभाळते. मूळ कोड आधीच्या टीमचा, जावा ८ वर चालणारा. काम तसं सरळ आहे, सकाळ-संध्याकाळ शेतकरी कॅन घेऊन येतात, काट्यावरून लिटर येतात, अ‍ॅनालायझरवरून फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट आणि पाणी सोडून उरलेला घन भाग) येतं, रेट चार्टमधून दर निघतो, पावती छापते आणि दहा दिवसांनी सगळ्याची बेरीज होऊन बिल निघतं. पण मध्येच एखादी पावती अशी यायची की लिटर बरोबर, फॅट ३.८ बरोबर, एसएनएफ ८.५ बरोबर, आणि दर मात्र ०.००, म्हणजे रक्कमही शून्य. केंद्रावरचे काका ती पेनाने दुरुस्त करून वहीत टिपून ठेवायचे आणि बिलाच्या दिवशी हाताने मिळवायचे. मला फोन आला की म्हणायचे, "ताई, मशीन बरोबर दाखवतंय, मग दर कुठं जातोय?" प्रश्न अगदी बरोबर होता. शेतकऱ्याचे पैसे आहेत ते, वहीच्या भरवशावर किती दिवस ठेवायचे.

शोधत गेले तेव्हा सापडलं ते असं. नोंदीच्या क्लासमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंद ज्या साच्यातून बनते त्यात, नुसती फील्ड्स (माहितीचे कप्पे) आणि प्रत्येकाचा सेटर (कप्प्यात किंमत भरणारं फंक्शन), पण कंस्ट्रक्टर, म्हणजे साच्यातून नवं ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड, एकही लिहिलेला नाही. आता जावामध्ये तुम्ही कंस्ट्रक्टर लिहिलाच नाही तर कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) स्वतःहून एक रिकामा देतो, त्याला डिफॉल्ट कंस्ट्रक्टर म्हणतात, आणि ऑब्जेक्ट तयार होताना सगळ्या फील्ड्समध्ये ठरलेल्या किमती बसतात, आकड्यात शून्य, बूलियनमध्ये (हो किंवा नाही एवढंच ठेवणाऱ्या फील्डमध्ये) फॉल्स, बाकी सगळीकडे नल, म्हणजे काहीच नाही. आमच्या क्लासमध्ये "गाय आहे का" असं एक बूलियन होतं. मशीन बंद असताना हाताने नोंद करायची जी स्क्रीन आहे तिथे एका वाटेने गेलं की तो सेटर कॉलच व्हायचा नाही. म्हणजे फील्ड फॉल्स, म्हणजे गाय नाही, म्हणजे म्हैस! मग गायीचं ३.८ फॅटचं दूध म्हशीच्या चार्टमध्ये शोधलं जायचं, गायीचा बेस (दर ठरवायचं प्रमाण फॅट आणि एसएनएफ) ३.५ आणि ८.५ तर म्हशीचा ६ आणि ९, आमच्या म्हशीच्या चार्टमध्ये एवढ्या खालच्या फॅटला दरच नाही, आणि दर सापडला नाही की फंक्शन गुपचूप शून्य परत द्यायचं.

कुठेही एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. मला यातलं सगळ्यात वाईट हेच वाटतं. नल असतं तर प्रोग्राम आपटला असता आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं, पण शून्य आणि फॉल्स ही खरीखुरी उत्तरं वाटतात, पुढचा कोड ती मुकाट्याने घेतो.

सिनिअरचं म्हणणं, तिथं एक सेटर टाक आणि विषय संपव. रिलीज तोंडावर होतं म्हणून तेवढं लगेच केलंही. पण ती नोंद नऊ सेटर लावून तीन वेगवेगळ्या फाइल्समध्ये तुकड्यातुकड्याने भरली जात होती. उद्या दहावं फील्ड आलं की पुन्हा कुठेतरी राहणारच. म्हणून रिलीज झाल्यावर मी वेळ मागून घेतला आणि कंस्ट्रक्टर लिहायला बसले.

पहिली पायरी सोपी होती. सभासद, तारीख, शिफ्ट, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, सगळं पॅरामीटर म्हणून घेणारा एकच कंस्ट्रक्टर लिहिला, आणि एका क्षणात अख्खा प्रोजेक्ट लाल, म्हणजे सगळीकडे एरर. कारण तुम्ही स्वतःचा एक जरी कंस्ट्रक्टर लिहिला तरी कंपायलर तो फुकटचा रिकामा देणं बंद करतो, आणि जिथे जिथे नुसतं न्यू करून रिकामी नोंद बनवली होती तिथे तिथे कंपायलर म्हणायला लागला की या कंस्ट्रक्टरला दिलेली आर्ग्युमेंट्स जुळत नाहीत. बरेच जण इथे घाबरून परत एक रिकामा कंस्ट्रक्टर टाकून देतात आणि लाल रंग गेला की सुटलो म्हणतात. तसं करू नका हो! ती लाल यादी म्हणजेच अर्धवट नोंदी कुठे कुठे जन्माला येतात त्याचा पत्ता आहे, मी ती एकेक करत वाचली आणि त्यातच आणखी एक जागा मिळाली, तिथे शिफ्ट भरली जात नव्हती, आणि शिफ्ट हा इंट (पूर्णांक) असल्यामुळे शून्य म्हणजे सकाळ धरलं जात होतं.

मग फील्ड्स फायनल (एकदा भरली की न बदलणारी) केली आणि सेटर काढून टाकले. फायनल केलं की कंपायलर बघतो की कंस्ट्रक्टर संपायच्या आत प्रत्येक फील्डला किंमत मिळालीय ना, इफ-एल्सच्या एखाद्या फांदीत राहिलं तरी तो पुढे जाऊ देत नाही. बूलियन काढून गाय आणि म्हैस असा एनम (ठरावीक नावांपैकीच एक किंमत घेणारा टाइप) केला, शिफ्टचाही एनम. एनमची डिफॉल्ट किंमत नल, आणि नल आलं तर कंस्ट्रक्टरच्या पहिल्याच ओळीत एक्सेप्शन, म्हणजे काम तिथेच थांबवणारी एरर. कंस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन फेकलं की न्यू करणाऱ्याच्या हातात ऑब्जेक्ट येतच नाही, म्हणजे चुकीची नोंद डेटाबेसमध्ये जायचा प्रश्नच नाही. दर शून्य किंवा त्याहून कमी असेल तरी नोंद बनत नाही, आता काकांना स्क्रीनवर "या फॅटला चार्टमध्ये दर नाही" असा मेसेज येतो आणि ते तिथल्या तिथे जनावर तपासतात.

एक बारीक गोष्ट, तपासणी लिहिताना "फॅट शून्यापेक्षा कमी असेल तर एक्सेप्शन" असं उलटं लिहू नका. डबलमध्ये (दशांश आकड्याच्या टाइपमध्ये) नॅन, म्हणजे "हा आकडाच नाही", नावाची एक किंमत असते, तिच्याशी कुठलीही लहान-मोठी तुलना फॉल्सच येते, त्यामुळे ती या गाळणीतून आरामात निघून जाते. "फॅट शून्यापेक्षा जास्त आणि पंधरापेक्षा कमी, असं नसेल तर एक्सेप्शन" असं लिहिलं की नॅनही अडकतं.

पण फॅट आणि एसएनएफ दोन्ही डबल, शेजारी शेजारी. कोणी अदलाबदल करून पाठवलं तर कंपायलरला काय कळणार? गायीच्या दुधात रेंज बघून पकडता येईल, पण म्हशीचं फॅट ८ च्या पुढेही जातं आणि एसएनएफही ९ च्या आसपास, तिथे रेंज काही कामाची नाही. मग फॅटचा एक छोटा क्लास आणि एसएनएफचा एक छोटा क्लास केला, प्रत्येकाच्या कंस्ट्रक्टरमध्ये त्याची त्याची तपासणी, आणि नोंदीच्या कंस्ट्रक्टरला डबलच्या जागी हे दोन ऑब्जेक्ट. आता उलटसुलट दिलं तर कंपाइलच होत नाही. जावा १६ पासून असल्या छोट्या क्लाससाठी रेकॉर्ड आहे आणि त्यात कंस्ट्रक्टरची तपासणी दोन ओळीत लिहून होते, आम्ही ८ वर म्हणून हाताने लिहिलं, थोडं टायपिंग जास्त, एवढंच.

मशीनवरची नोंद आणि हातानं केलेली नोंद यात माहिती सारखीच, फक्त स्रोत वेगळा. दोन कंस्ट्रक्टर करावेत तर पॅरामीटरचे टाइप तेच, नाव तर क्लासचंच असतं, त्यामुळे जावा करू देत नाही. तिथे कंस्ट्रक्टर प्रायव्हेट केला आणि "मशीनवरून" आणि "हाताने" अशा अर्थाच्या नावांच्या दोन स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्ट नसतानाही थेट क्लासवर कॉल होणाऱ्या) दिल्या. वाचणाऱ्यालाही बरं पडतं.

आता इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढणं. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. आंबट दुधाला दरात कपात असते, त्यासाठी जुन्या कोडमध्ये नोंदीच्या क्लासवरून एक चाइल्ड क्लास काढलेला होता आणि त्यात दर काढायची मेथड ओव्हरराइड केली होती, म्हणजे पेरेंटची (मूळ क्लासची) मेथड बदलून लिहिली होती. पेरेंटला रिकामा कंस्ट्रक्टर उरला नाही म्हणून चाइल्डमध्ये सुपरला (पेरेंटच्या कंस्ट्रक्टरला) हाक मारून सगळं द्यावं लागलं, ते ठीक. दर पेरेंटच्या कंस्ट्रक्टरमध्येच काढून ठेवावा म्हणजे नोंद जन्मतःच पूर्ण, असा विचार करून मी तसं मांडून टेस्ट चालवली, तर आंबट दुधाला पूर्ण दर! कपात गायब.

कारण क्रम. जावा आधी अख्ख्या ऑब्जेक्टची जागा शून्य-नल करून घेतं, मग पेरेंटचा कंस्ट्रक्टर पूर्ण चालतो, तो संपल्यावर चाइल्डची फील्ड्स भरतात आणि शेवटी चाइल्डच्या कंस्ट्रक्टरचं उरलेलं अंग चालतं. पण मेथडची हाक मात्र पहिल्यापासून चाइल्डच्याच मेथडकडे जाते. म्हणजे पेरेंटच्या कंस्ट्रक्टरने "दर काढ" म्हटलं की चाइल्डची मेथड पळते, आणि तेव्हा तिचं कपातीचं फील्ड अजून ०.० च असतं. शून्य टक्के कपात, म्हणजे पूर्ण दर. मी डीबगर लावून ओळ ओळ पुढे सरकवत ते फील्ड बघत बसले, दर निघून गेला आणि त्यानंतर दोन पावलांनी कपातीत किंमत बसली, डोळ्यासमोर. असं एकदा बघितलं की क्रम पाठ करावा लागत नाही. सी प्लस प्लसमध्ये वेगळं आहे, तिथे बेस क्लासचा कंस्ट्रक्टर चालू असताना व्हर्च्युअल मेथडसुद्धा बेसचीच धावते, त्यामुळे कॉलेजात सी प्लस प्लसवर हात बसलेल्यांना जावाचं हे वागणं चटकन लक्षात येत नाही. अजून एक, जावामध्ये सुपरची हाक कंस्ट्रक्टरची पहिलीच ओळ असावी लागायची, तो नियम २०२५ मधल्या जावा २५ पासून सैल झालाय, आता सुपरच्या आधी तपासणी करता येते आणि चाइल्डची स्वतःची फील्ड्सही भरता येतात. ८ वरच्या लोकांना त्याचा काय उपयोग म्हणा.

मी चाइल्ड क्लासच काढून टाकला. दर काढायचं काम रेट चार्टच्या क्लासकडे दिलं, आंबट आहे की नाही ते तिथेच बघितलं जातं, आणि नोंदीच्या कंस्ट्रक्टरला तयार दर मिळतो. नोंदीचा क्लास फायनल केला म्हणजे पुढे कोणी ओव्हरराइड करायला जाणार नाही. कंस्ट्रक्टरने तपासावं आणि ठेवून घ्यावं, बाकी उद्योग करू नयेत, असं माझं आता पक्कं मत झालंय, फाइल उघडणं, डेटाबेसला जाणं, थ्रेड सुरू करणं हे तर अजिबात नको.

जाता जाता एक सापडलं. दुसऱ्या एका क्लासमध्ये कंस्ट्रक्टर होता, दिसायला अगदी बरोबर, फक्त नावाच्या आधी व्हॉइड (काहीच परत न देणाऱ्या मेथडचा रिटर्न टाइप) लिहिलेलं. रिटर्न टाइप लिहिला की तो कंस्ट्रक्टर राहत नाही, क्लासच्याच नावाची साधी मेथड होते, कंपायलर चालवून घेतो आणि ती कधीच कॉल होत नाही. आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) पिवळी रेघ ओढते तिथे, तेवढी बघत जा.

आता तुम्ही म्हणाल की सगळं एकदम हवं तर काट्याचा आकडा आधी येतो आणि अ‍ॅनालायझरचा नंतर, मधल्या वेळात काय करायचं? खरंय, आणि जुन्या क्लासवर सेटर आले असतील ते याचसाठी. मी दोन क्लास केले. कच्ची नोंद, तिला सेटर आहेत, ती अर्धवट असू शकते, स्क्रीन तिच्यात भरत जाते. आणि पक्की नोंद, ती फक्त कंस्ट्रक्टरमधूनच बनते. सेव्ह आणि पावती या दोन्ही मेथड फक्त पक्की नोंद घेतात, कच्ची तिथे देताच येत नाही. दूध डेअरीतल्या माणसाला कच्चं-पक्कं वेगळं सांगावं लागत नाही, काकांना एका वाक्यात समजलं.

शेवटचा अडथळा हायबरनेटचा, म्हणजे जावातली ऑब्जेक्ट्स आणि डेटाबेसची टेबलं जोडणाऱ्या लायब्ररीचा. त्याला टेबलातली रो (ओळ) ऑब्जेक्टमध्ये भरायला रिकामा कंस्ट्रक्टर लागतोच, जेपीए या जावाच्या ठरलेल्या नियमावलीप्रमाणे तो पब्लिक नाहीतर प्रोटेक्टेड हवा, आणि एंटिटी (टेबलाशी जोडलेला) क्लास फायनलही चालत नाही. म्हणजे एवढं करून दार पुन्हा उघडं! मग टेबलासाठीचा क्लास वेगळा ठेवला, त्याचा रिकामा कंस्ट्रक्टर प्रोटेक्टेड, आणि डेटाबेसमधून वाचलेली रो सुद्धा पक्क्या नोंदीच्या त्याच कंस्ट्रक्टरमधून न्यायची. यात मॅपिंगचा कोड वाढतो, टीममध्ये यावर वादही झाला, पण जुन्या डेटातल्या शून्य दराच्या ओळी वाचतानाच उघड्या पडल्या, त्यांची यादी करून केंद्राला दिली आणि काकांनी वहीशी ताडून बघितल्या. हे दाखवल्यावर वाद मिटला.

ही कल्पना काही नवी नाही. नॉर्वेत सिम्युला ६७ मध्ये ऑब्जेक्ट बनला की क्लासच्या अंगातला कोड लगेच चालायचा, आणि १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुपने सी विथ क्लासेस सुरू केलं, पुढे त्याचंच सी प्लस प्लस झालं, तेव्हा सुरुवातीच्या काळातच असं फंक्शन त्यात होतं, त्याचं नाव न्यू. इतकं जुनं असूनही आपल्याकडे वर्गात कंस्ट्रक्टर शिकवतात तो तोंडी परीक्षेत विचारण्यापुरता, प्रकार किती, उदाहरण द्या, संपलं. तो कुठल्या गोष्टी आत येऊ देणार नाही ते ठरवायचं कसं, हे कोणी बोलतच नाही.

आता सभासदाचा क्लास हातात घेतलाय. तिथे नियम एवढा सरळ नाही, कारण बँक खातं नसलेला सभासद खरोखरच असतो, त्याचं पेमेंट रोखीने होतं. मग खातं नल ठेवायचं की रोखीचा आणि बँकेचा असे पेमेंटचे दोन वेगळे टाइप करून कंस्ट्रक्टरला त्यातला एक सक्तीने मागायचा? मला दुसरं बरं वाटतंय, सध्या तेच लिहून बघतेय.