टीव्ही, रिसीव्हर आणि आईसाठी एकच रिमोट : माझा अनुभव

टीव्ही, होम थिएटरचा रिसीव्हर (सर्व स्पीकरना आवाज पुरवणारे यंत्र), सेट-टॉप बॉक्स आणि ब्लू-रे प्लेयर ही चारही उपकरणे स्वतंत्रपणे उत्तम चालतात, पण एकमेकांना जोडली की चालत नाहीत, अशी तक्रार नोंदवून घेणारी एकही जागा आपल्याकडे नाही, हे मला या उन्हाळ्यात पुरते कळले. प्रत्येक कंपनी आपापले उपकरण तपासते, ते निर्दोष असल्याचे सांगते आणि तक्रार बंद करते. ग्राहकाच्या दिवाणखान्यात मात्र आवाज आलेला नसतो. तो मनस्ताप अजून पुरता गेलेला नाही, आणि अशा अडचणीत सापडलेल्या इतरांचे श्रम वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी अपेक्षा साधी होती. आई घरी एकटी असताना तिला एकाच रिमोटने टीव्ही लावता यावा, आवाज पाच स्पीकर आणि सबवूफरमधून यावा, आणि तो कमी-जास्त करण्यासाठी दुसरा रिमोट शोधावा लागू नये. स्पीकरच्या तारा ओढणे, लाल टोक लालला आणि काळे काळ्याला लावणे, मधला स्पीकर टीव्हीखाली बसवणे, हे सारे विनासायास पार पडले. रिसीव्हरच्या मागे ‘एचडीएमआय आऊट’ लिहिलेल्या खाचेतून निघणारी, चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत पाठवण्याची सोय) असे लिहिलेल्या पोर्टमध्येच लावावी लागते. बहुतेक टीव्हींवर असा पोर्ट एकच असतो आणि दुसऱ्या पोर्टमध्ये केबल लावल्यास चित्र दिसते, पण टीव्हीचा आवाज रिसीव्हरपर्यंत पोहोचत नाही. पूर्वी त्या आवाजासाठी वेगळी ऑप्टिकल केबल ओढावी लागे. २००९ मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ पासून चित्र नेणारी केबलच आवाज परत आणू लागली, ही मोठीच सोय झाली.

पहिल्या दिवशी सर्व सुरळीत चालले. त्यानंतर मात्र आईने मालिका संपल्यावर सेट-टॉप बॉक्स बंद केला की रिसीव्हरही बंद पडू लागला, आणि पुन्हा सुरू केल्यावर टीव्हीच्या ध्वनी-मेनूतून रिसीव्हरचे नावच नाहीसे झालेले असे. आवाज टीव्हीच्या बारीक स्पीकरमधून येई आणि पडद्यावर टीव्हीचीच आवाजाची पट्टी दिसे. कधी तासभर सर्व ठीक चाले, तर कधी चालू कार्यक्रमातच स्पीकर गप्प होत.

टीव्हीच्या कंपनीकडून आलेल्या तंत्रज्ञाने चाचणीची चित्रफीत लावली, चित्र आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज व्यवस्थित असल्याचे दाखवले आणि तरीही शंका असेल तर मेन बोर्ड बदलावा लागेल, असे सांगितले. वॉरंटी संपलेली असल्याने तो खर्च माझ्या माथी आला असता. रिसीव्हरच्या सर्व्हिस सेंटरने फोनवर फॅक्टरी रिसेट करायला लावले. त्यामुळे मायक्रोफोन लावून जुळवलेली स्पीकरची सर्व मापे पुसली गेली आणि मूळ दोष जागच्या जागी राहिला. बॉक्स पुरवणाऱ्यांच्या कस्टमर केअरचे उत्तर तर ठरलेले होते : “सर, चित्र येतंय ना? मग बॉक्स ओके आहे.” दोष दोन उपकरणांमधल्या संवादात आहे, हे मी प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगत होतो, पण त्यांच्या संगणकावर त्यासाठी रकानाच नव्हता. आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी तक्रार बंद करण्यासाठी मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला जाई. मी तो दिला नाही. काम पूर्ण झाल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय हा ओटीपी कोणीही देऊ नये, कारण तो दिला की कंपनीच्या नोंदीत आपली अडचण सुटलेली असते आणि पुढची तक्रार पहिल्यापासून मांडावी लागते. कंपनीने अजिबातच दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवायची झाल्यास आधीचे तक्रार क्रमांक लिहून ठेवलेले उपयोगी पडतात.

शेवटी उत्तर सापडले ते एचडीएमआय केबलची अंतर्रचना वाचल्यावर. या केबलच्या टोकाला १९ पिना असतात आणि त्यांपैकी तेरावी पिन ‘सीईसी’ नावाच्या आज्ञांसाठी राखीव असते. एका उपकरणाने दुसऱ्याला ‘सुरू हो’, ‘बंद हो’, ‘आवाज वाढव’ असे सांगायचे ते याच एका तारेवरून. सॅमसंग याच सोयीला ॲनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक, तर पॅनासॉनिक व्हिएरा लिंक, त्यामुळे मेनूत ‘सीईसी’ हे अक्षर शोधणाऱ्याला ते बहुधा सापडत नाही. महत्त्वाचे असे की टीव्हीच्या सर्व एचडीएमआय पोर्टमधली ही तार आतून साधारणपणे एकच असते. चाळीतल्या सामाईक नळासारखी तिची गत आहे, एकाने तो अडवला की सगळ्यांची भांडी कोरडी. पहिल्या पोर्टमधल्या रिसीव्हरचा संवाद तिसऱ्या पोर्टमधला बॉक्स बिघडवू शकतो, आणि चित्राच्या तारा वेगळ्या असल्यामुळे चित्राला काही होत नाही. ‘चित्र येतंय ना’ हे उत्तर म्हणूनच निरर्थक होते.

मग मी सर्व उपकरणांचे प्लग भिंतीतून काढले आणि काही मिनिटे तसेच ठेवले. रिमोटने बंद केल्याने हे साधत नाही, कारण स्टँडबायमध्येही हा संवाद जागा असतो. आधी फक्त टीव्ही आणि रिसीव्हर जोडले, ते एक संध्याकाळभर निर्वेध चालले. ब्लू-रे प्लेयर जोडला, तरीही चालले. सेट-टॉप बॉक्स जोडून बंद केला, आणि त्याच क्षणी रिसीव्हर बंद पडला. तो बॉक्स स्वतः झोपताना सर्वांनाच झोपण्याची आज्ञा देत होता. त्याच्या मेनूत, चित्राच्या सेटिंगच्याही आत, एचडीएमआय कंट्रोलचा पर्याय होता. तो बंद केला आणि त्या दिवसापासून रिसीव्हर एकदाही हरवलेला नाही. इतक्या मोठ्या कंपन्यांना जे सांगता आले नाही, ते पद्धतशीरपणे एकेक उपकरण तपासून घरच्या घरी सापडले, याचा मला अभिमान वाटतो. ज्यांच्या बॉक्समध्ये असा पर्यायच नाही, त्यांनी तेरावी पिन न जोडलेला छोटा एचडीएमआय अडॅप्टर मिळतो का, ते पाहावे.

बॉक्सचे सीईसी बंद केल्यावर आईसाठी रिमोट दोन होतील, ही भीतीही खरी ठरली नाही. अनेक डीटीएच रिमोटना टीव्हीच्या रिमोटची बटणे ‘शिकवता’ येतात : दोन्ही रिमोट समोरासमोर धरून टीव्ही सुरू-बंद करण्याचे आणि आवाजाचे बटण त्यात उतरवायचे. आता आई बॉक्सच्या रिमोटनेच आवाज वाढवते, तो संकेत टीव्हीला मिळतो आणि टीव्ही तो सीईसीवरून रिसीव्हरकडे पाठवतो.

आधी सांगायला हवे होते ते असे, की रिसीव्हरच्या मेनूतही एचडीएमआय कंट्रोल आणि एआरसी हे दोन्ही सुरू असावे लागतात, आणि पुष्कळ रिसीव्हरमध्ये ते सुरुवातीला बंद असतात. तसेच टीव्हीच्या ध्वनी-मेनूत ‘पीसीएम’ निवडलेले असेल, तर साध्या एआरसीवरून दोनच वाहिन्यांचा आवाज जातो आणि मागचे स्पीकर उगाच टांगल्यासारखे होतात, म्हणून तिथे ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ (आवाज आला तसाच पुढे पाठवणे) निवडावे. एचडीएमआय २.१ बरोबर आलेले ई-एआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) दोन्हीकडे असेल, तर ब्लू-रेवरचा, गुणवत्तेत काहीही न गमावलेला आवाजही टीव्हीमार्गे जाऊ शकतो. ज्यांचे फर्निचरचे काम अजून व्हायचे आहे, त्यांनी केबल प्लास्टरमध्ये गाडण्याऐवजी रुंद पाइपमधून न्यावी आणि पाइपमध्ये एक ओढदोरी सोडून ठेवावी. उद्या तिच्या जागी सेकंदाला ४८ गिगाबिट माहिती नेणारी अल्ट्रा हाय स्पीड केबल घालावी लागली, तर भिंत फोडावी लागणार नाही.