फ्रीजचा डीफ्रॉस्ट सेन्सर
फ्रीझरमध्ये बर्फ नीट गोठत असताना खालच्या कप्प्यातले दूध मात्र नासू लागले, तेव्हा ‘गॅस संपला’ म्हणून मोकळे होणाऱ्या मेकॅनिकला बोलावण्याआधी आज प्लग काढून फ्रीझरचे मागचे पॅनल स्वतःच उघडले. गारवा देणाऱ्या संपूर्ण कॉइलवर पांढऱ्या हिमाचा जाड थर बसलेला होता आणि थंड हवा खाली नेणारी वाटच बुजली होती; गॅस कमी असता तर बहुधा कॉइलच्या एखाद्याच भागावर हिम दिसले असते. असे हिम अधूनमधून वितळवणारा हीटर आणि तो फार तापल्यास वीज तोडणारा थर्मल फ्यूज मल्टिमीटरवर ठीक निघाले. उरला कॉइलला लावलेला, तिचे तापमान फ्रीजच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळवणारा, शेंगदाण्याएवढा सेन्सर. तापमान उतरले की त्याचा विद्युत रोध (रेझिस्टन्स) वाढतो. आमच्या फ्रीजमधल्या सेन्सरचा रोध २५ अंशांना १० किलोओहम असतो आणि शून्य अंशाला तो जवळपास तिप्पट व्हायला हवा. बर्फाच्या पाण्यात बराच वेळ बुडवूनही मीटरवरचा आकडा बारा-तेराच्या पुढे सरकेना. म्हणजे कॉइल गोठलेली असूनही बोर्डाला ती कोमटच भासत होती आणि हिम वितळण्याआधीच हीटर बंद केला जात होता. अशा वेळी मुख्य बोर्डच बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला शुद्ध उधळपट्टी वाटतो. नवा सेन्सर मात्र त्याच रोधाचा मागून घ्यावा लागेल, कारण दुकानात ५ किलोओहमचाही हुबेहूब तसाच दिसतो.