फरदडीला इंग्रजीत काय म्हणतात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली २३ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. परदेशी शिक्षण हा काही माझा विषय नव्हे. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा कृषीची पदवी घेऊन ऐन वेचणीच्या दिवसांत घरी आला आणि जर्मनीत इंग्रजीतून शिकवले जाणारे एम.एस्सी. आहे, तेही बिनफीचे, असे म्हणाला, तेव्हापासून मला या गोष्टीत लक्ष घालावे लागले. आता तो तिकडे दुसऱ्या वर्षाला आहे आणि आठवड्याला एखाद-दुसरा पालक गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसतो, म्हणून मला जे कळले ते एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

माझ्या भावाचा पहिला प्रश्न शेतकऱ्याचा होता, आणि मला तो आजही सर्वांत योग्य वाटतो. "फुकट शिकोते म्हन्तं, तं त्याईले काय भेटते?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला थोडा इतिहास वाचावा लागला. १९९९ साली युरोपातल्या २९ देशांनी बोलोन्या येथे एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या विद्यापीठांनी आपल्या जुन्या, सलग चालणाऱ्या पदव्यांचे बॅचलर आणि मास्टर असे दोन टप्पे केले. त्यामुळे बाहेरच्या विद्यार्थ्याला पदवी आपल्या देशात घेऊन फक्त दुसऱ्या टप्प्यासाठी तिकडे जाणे सोपे झाले. संशोधनाचे लिखाण बऱ्याच शास्त्रांत आधीपासून इंग्रजीतच होत होते, त्यामुळे मास्टरचा वर्ग इंग्रजीत चालवणे प्राध्यापकांना फारसे जड गेले नाही. शिवाय जर्मनीत तरुण माणसे कमी पडत आहेत. शिकून बाहेर पडलेला मुलगा तिथेच नोकरीला लागला, तर त्याच्या करातून शिकवण्याचा खर्च वसूल होतो, आणि म्हणूनच पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. हे ऐकल्यावर भावाचे समाधान झाले. देणाऱ्याचा फायदा दिसला की व्यवहारावर विश्वास बसतो, असा त्याचा कापूस विकण्याचाही अनुभव आहे.

बिनफीचे हा शब्द मात्र सगळीकडे सारखा लागू होत नाही. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. गटिंगेन विद्यापीठ लोअर सॅक्सनी राज्यात आहे आणि तिथे शिकवणी शुल्क नाही, फक्त दर सहामाहीला काही शे युरोंचे अंशदान भरावे लागते. शेतीच्या अभ्यासासाठी तितकेच नावाजलेले होहेनहाइम विद्यापीठ श्टुटगार्टला, म्हणजे बाडेन-वुर्टेम्बेर्ग राज्यात आहे, आणि तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याकडून २०१७ पासून दर सहामाहीला १५०० युरो घेतले जातात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अलीकडे युरोपबाहेरच्यांना शुल्क लावले आहे. नेदरलँड्समधले वागेनिंगेन हे तर शेतीशास्त्राचे पंढरपूरच. तिथे मास्टरचे शिक्षण इंग्रजीतूनच होते, पण आपल्या मुलांसाठी वर्षाचे शुल्क २० हजार युरोंच्या आसपास जाते. पुतण्याने तिथली माहिती एकदा वाचली आणि पान बंद केले.

शुल्क नसले तरी पैसा लागतोच, आणि आमच्या घरात खरी ओढाताण झाली ती इथे. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याची रक्कम एका गोठवलेल्या खात्यात आधी भरून दाखवावी लागते. सध्या ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे युरोच्या भावाप्रमाणे १२ लाख रुपयांच्या आसपास, आणि तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. पैसे आपलेच असतात हे खरे, पण सोयाबीन सोंगून नुकताच दाम मोजलेल्या माणसाला एवढी रक्कम एकदम उभी करायला सांगणे म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. भावाकडे नऊ एकर जमीन आहे. ज्या बँकेत आम्ही गेलो, तिथल्या साहेबांनी सातबारा बघितला, घडी घालून परत दिला आणि शेतजमीन तारण म्हणून चालत नाही, एन.ए. केलेला प्लॉट किंवा घर असेल तर सांगा, असे म्हणाले. शेवटी माझ्या नावावरचा बसस्टँडमागचा छोटा प्लॉट कामी आला. ज्या घरी असा प्लॉट नाही, त्यांनी शिष्यवृत्त्यांची माहिती आधी काढावी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. मात्र त्या जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांपुरत्या असतात, म्हणून अभ्यासक्रम ठरवून मग शिष्यवृत्ती शोधणे हा उलटा क्रम ठरतो. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस अभ्यासक्रमांत निवड झाली, तर महिन्याला १४०० युरो मिळतात. पुतण्याने तिथेही अर्ज केला होता. निवड झाली नाही.

आता एजंटांविषयी. शहरातल्या एका सल्ला केंद्रात आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत तीन विद्यापीठांची नावे लिहून दिली. तिन्ही खासगी होती आणि तिघांचे शुल्क वर्षाला १० हजार युरोंच्या वर होते. सरकारी विद्यापीठांचे काय, असे विचारले तेव्हा तिथे प्रवेश मिळणे अवघड आहे आणि मुलाचे इंग्रजी तेवढे नाही, असे उत्तर मिळाले. वास्तविक तोवर मुलगा एक वाक्यही बोललेला नव्हता. खासगी संस्था एजंटाला दलाली देतात आणि सरकारी विद्यापीठे देत नाहीत, हे मला नंतर कळले. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, जिला सगळे डाड म्हणतात, तिच्या संकेतस्थळावर दोन हजारांहून अधिक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांची यादी विनामूल्य पाहायला मिळते. आम्ही पुढचे सगळे काम त्या यादीवरून आणि विद्यापीठांची पाने स्वतः वाचून केले. ती पाने शेवटपर्यंत वाचावीत. कारण काही ठिकाणी अध्यापनाची भाषा इंग्रजी आणि जर्मन अशी दोन्ही लिहिलेली असते, आणि नेमके हवे ते विषय जर्मनमध्ये निघतात. बारावीनंतर लगेच जाऊ इच्छिणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवावेच, की तिथले बॅचलरचे बहुतेक शिक्षण आजही जर्मनमधूनच होते. इंग्रजीचा जो बोलबाला आहे तो मुख्यतः मास्टरचा.

गुणांच्या बाबतीत आमची गंमत झाली. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा काठावरचा, म्हणजे सगळे आपल्या उलटे. आपले गुण त्यांच्या मापात बसवायला एक सूत्र आहे: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. पुतण्याला १० पैकी ७.६ होते, किमान ५ धरले तर उत्तर २.४४ येते. पुष्कळ अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते. त्या दिवशी आम्ही दोघांनी वहीच्या मागच्या पानावर तेच गणित चार वेळा केले. पदवीची कागदपत्रे तपासून घेण्यासाठी दिल्लीच्या जर्मन दूतावासाशी संलग्न असलेल्या ए.पी.एस. केंद्राचे प्रमाणपत्रही नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे आहे; त्याचे शुल्क १८ हजार रुपये, आणि वेळ लागतो म्हणून ते सर्वांत आधी मागवावे.

आणि मग भाषेचा प्रश्न, जो माझ्या धंद्याचा आहे. कृषी पदवीचे माध्यम कागदोपत्री इंग्रजी असते. पुतण्याच्या महाविद्यालयाने तसा दाखला लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह, दुसऱ्याच दिवशी दिला. त्या दाखल्यात खोटे काही नाही, कारण पुस्तके इंग्रजी, फळ्यावरचे शब्द इंग्रजी, पेपर इंग्रजी. शिकवणे मात्र वऱ्हाडीत. "हे पाहा, ह्या किडीचा लाइफ सायकल असा असते" असे सांगणारे सर वाईट शिकवतात असे मी म्हणणार नाही, उलट किडीचे जीवनचक्र मुलांना त्यामुळेच कळते. पण चार वर्षांत त्या मुलाने इंग्रजीत स्वतःचे मत म्हणून एक वाक्यही उच्चारलेले नसते. मीही त्यातलाच आहे. बारावीच्या वर्गात मी २३ वर्षे उताऱ्याखालचे प्रश्न सोडवून देत आलो आणि एकाही मुलाला 'तुला काय वाटते' असे विचारून दोन मिनिटे थांबलो नाही. अभ्यासक्रम संपवायचा असतो, हे कारण मी स्वतःलाही देत असे.

इंग्रजी किती येते हे तपासणाऱ्या आयेल्ट्स परीक्षेत हे उघडे पडते. वाचन आणि ऐकण्यात पुतण्या ठीक होता. बोलण्याच्या चाचणीत मात्र एक कार्ड हातात देतात, विचार करायला एक मिनिट देतात आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचे असते. आम्ही घरी सराव सुरू केला तेव्हा 'तुमच्या परिसरातील एखाद्या जागेचे वर्णन करा' या कार्डावर तो २५ सेकंदांत संपला. त्याला शब्द येत होते. सलग बोलत असताना समोरचा माणूस मध्ये न थांबवता ऐकतो आहे, याचीच त्याला सवय नव्हती. दोन महिने रोज संध्याकाळी मी खुर्चीत आणि तो उभा, असा कार्यक्रम चालला. त्याच्या आईला वाटे मी त्याला शिक्षाच करतो आहे. पहिल्या खेपेस नागपूरच्या केंद्रावर त्याला ९ पैकी ६ मिळाले, दुसऱ्या खेपेस ६.५.

ऑक्टोबरात तो गेला. पहिला महिनाभर फोनवर त्याचा आवाज इतका बारीक येई, की भाऊ मला पुन्हा पुन्हा विचारी, पोरगा काही लपवत तर नाही ना. मग नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री साडेअकराला, तिकडे सात वाजता, त्याचा फोन आला. त्या दिवशी कीड व्यवस्थापनाच्या वर्गात बीटी कापसावर, म्हणजे बोंडअळीला तोंड देता यावे म्हणून जनुक बदललेल्या कापसावर, चर्चा झाली होती. वर्गात केनिया, व्हिएतनाम, कोलंबिया, इराण अशा देशांतली मुले आणि प्राध्यापक जर्मन. बीटी असूनही भारतात २०१७ साली गुलाबी बोंडअळी एवढी का पसरली, असा प्रश्न निघाला. कुणी बियाण्याविषयी बोलले, कुणी प्रतिकारशक्तीविषयी. प्राध्यापकांनी याच्याकडे पाहून विचारले, तुला काय वाटते. आमच्या शेतात त्या वर्षी अर्धीअधिक बोंडे किडकी निघाली होती, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. तो उभा राहिला. तिथे उभे राहायची पद्धत नाही, पण राहिला. डिसेंबरनंतरही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, न उपटता पाणी देऊन आणखी एखादी वेचणी, म्हणजेच फरदड, कशी काढतात, ते करावेसे शेतकऱ्याला का वाटते, आणि त्या उभ्या झाडांवर अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर कसे मिळते, हे तो सांगू लागला.

"काकाजी, फरदडले इंग्रजीत काय म्हन्तेत तेच मले आठोना. मंग म्या फरदडच म्हनलं, अन् फळ्यावर लिहून देल्लं." फळ्यावर त्याने ते रोमन लिपीत लिहिले आणि खाली रेघ मारली. पुढचे वीस मिनिटे वर्गातली मुले आणि प्राध्यापक आपापल्या उच्चारात 'फरदड' म्हणत होती. मग तो जे म्हणाला, ते मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे: "इथं इंग्रजी कोनाचीच नाई, काकाजी. सरची बी नाई. ते बी अडकतेत."

मला हे आधी कुणी सांगितले असते, तर त्याच्या उच्चारांवर घालवलेला पंधरवडा मी वाचवला असता. त्या वर्गातली इंग्रजी लंडनची नसते, आणि आपल्याकडच्या कॉन्व्हेंटचीही नसते. ती एक सामाईक बैलगाडी आहे. ज्याच्याकडे माल आहे त्याने तो चढवायचा. चुकीच्या क्रियापदाने तिथे कुणाचे गुण गेलेले त्याने पाहिले नाहीत. गुण गेले ते दुसऱ्याची वाक्ये संदर्भ न देता उतरवल्याने, आणि गाइडवर वाढलेल्या आपल्या मुलांनी हे सर्वांत आधी शिकावे.

वर्गाबाहेर मात्र इंग्रजी संपते. घरमालकाचा करार, विम्याची पत्रे, नगरपालिकेत करायची नोंदणी, सगळे जर्मनमध्ये. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. पण जर्मन येत नसेल तर वाट्याला गोदामातले किंवा भांडी धुण्याचे काम येते. पुतण्याने पहिली सहामाही तेच केले, आणि मग संध्याकाळचा जर्मन वर्ग लावला. जायच्या आधी वर्षभर जर्मन शिकला असता तर बरे झाले असते, हे तो आता मान्य करतो. 'इंग्रजीतून' या शब्दाला भुलून आम्ही दोघांनीही तिकडे दुर्लक्ष केले होते.

हवा बदलते आहे हेही पालकांना सांगतो. इटलीत मिलानच्या तंत्र विद्यापीठाने २०१२ साली मास्टरचे सारे शिक्षण इंग्रजीत न्यायचे ठरवले, तेव्हा तिथलेच प्राध्यापक न्यायालयात गेले आणि २०१७ साली घटना न्यायालयाने इटालियनला असे पूर्ण बाजूला सारता येणार नाही, असे म्हटले. डेन्मार्कने २०२१ मध्ये इंग्रजीतल्या जागा कमी करायचे ठरवले, नॉर्वेने २०२३ पासून युरोपबाहेरच्यांना शुल्क लावले, आणि नेदरलँड्समध्ये डच भाषेकडे परत वळण्याचा वाद चालू आहे. मराठी शाळांचे जे झाले ते डोळ्यांसमोर असलेल्या मला, खरे सांगायचे तर, त्या इटालियन प्राध्यापकांचे म्हणणे पटते. पण ओसरीवर गुणपत्रिका घेऊन बसलेल्या बापाला ते सांगून उपयोग नसतो.

सध्या माझ्याकडे एक मुलगी येते. तिचे वडील जिनिंगमध्ये काम करतात, तिने उद्यानविद्येची पदवी घेतली आहे. तिला मी आयेल्ट्सचे पुस्तक अजून दिलेले नाही. रोज तिला आमच्या भागातले एक काम इंग्रजीत सांगायला लावतो, हातात कागद नाही, आणि मी मध्ये बोलत नाही. सोमवारी संत्र्याचा बहार कसा धरतात ते सांगताना ती 'ताण', म्हणजे बहारासाठी झाडांचे पाणी काही दिवस तोडणे, या शब्दावर अडली आणि ४० सेकंदांत खाली बसली. काल तिने 'ताण' तसाच ठेवला आणि पुढे सांगत गेली. घड्याळात १ मिनिट २० सेकंद झाले होते.