औलीच्या आकाशातील घार

मागच्या ऑक्टोबरात उत्तराखंडातल्या जोशीमठहून, म्हणजे आताच्या ज्योतिर्मठहून, औलीचा घाट चढताना गाडीतील सगळ्यांचे डोळे नंदादेवीच्या शिखराकडे लागले होते. मी मात्र घारी शोधत होतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये याच औलीत भारत आणि अमेरिका यांच्या ‘युद्ध अभ्यास’ या संयुक्त सरावात भारतीय लष्कराने ‘अर्जुन’ नावाची शिकवून तयार केलेली घार ड्रोनच्या मागावर सोडून दाखवली होती. ड्रोनची घरघर कानी पडताच आधी कुत्रा सावध करायचा आणि मग आकाशात ते यंत्र नेमके कुठे आहे, याचा ठाव घार घ्यायची. कुत्र्याचे कान आणि घारीचे डोळे अशी ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

कुरणावर पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. थोड्याच वेळात उतारावरून वर येणाऱ्या वाऱ्यावर एक घार आली. पंख जवळजवळ स्थिर, आणि दुभंगलेली शेपटी मात्र सुकाणूसारखी सतत डावी-उजवीकडे कलत होती. अशा पाखराला ड्रोन हेरता येईल यात मला शंका वाटली नाही; काळजी वाटली ती ड्रोन पकडण्याची. फ्रान्सच्या हवाई दलाने मों-द-मार्सां येथील तळावर सोनेरी गरुडांना पिल्ले असल्यापासून ड्रोनवरच मांस ठेवून भरवले, म्हणजे ते यंत्र त्यांना भक्ष्य वाटावे. पण फिरत्या पात्यांनी पाय कापले जाऊ नयेत म्हणून त्यांच्यासाठी चामड्याचे आणि केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याचे मोजेही करावे लागले. नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये गरुडांचा असाच प्रयोग जाहीर केला आणि २०१७ च्या अखेरीस तो थांबवला. खर्च अंदाजापेक्षा वाढला होता आणि पक्षी दर वेळी शिकवल्याप्रमाणे वागत नव्हते. त्यात पक्ष्याचा दोष मी मानत नाही. भूक नसताना गरुडाने झडप का घालावी? म्हणूनच घारीने शोधावे आणि पाडण्याचे काम माणसाने आपल्या साधनांनी करावे, असे मला मनापासून वाटते.

एवढ्यात ती घार गवतावर झेपावली आणि काहीतरी उचलून पुन्हा वर गेली. कुठेही न बसता, उडता उडताच तिने पाय पुढे घेतला, मान वाकवली आणि नख्यांत धरलेला घास खाऊ लागली. दुर्बिणीतून तिची पिवळी, उघडी बोटे स्पष्ट दिसत होती.