लीड बदलली तो शनिवार

८ मे १९९९. कोसोव्होवरून नाटो युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकत होती ते दिवस. वर्तमानपत्राच्या आंतरराष्ट्रीय डेस्कवर माझी दुपारची ड्यूटी. त्या सकाळी निघालेल्या आमच्या अंकात परदेशच्या पानाची लीड, म्हणजे मुख्य बातमी, होती निशची. युगोस्लाव्हियाच्या सर्बियातल्या या शहरात शुक्रवारी भरदिवसा नाटोचे क्लस्टर बॉम्ब बाजारात आणि रुग्णालयाच्या आवारात पडले होते. लक्ष्य होता विमानतळ. मेली बाजारातली माणसं, किमान १४. फॉलोअप तीन कॉलम लावायचा, हे मी घरून निघतानाच ठरवलं होतं.

ऑफिसात पोचलो तर निशचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. आमचा अंक छपाईला गेल्यावर, आपल्याकडच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास, युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेडच्या 'नवं बेलग्रेड' भागातल्या चिनी दूतावासावर पाच बॉम्ब पडले होते. अमेरिकेतल्या मिसुरीहून उडालेल्या बी-२ विमानाने ते टाकले होते. मेलेले तिघंही पत्रकार निघाले: शिन्हुआ या चीनच्या सरकारी वृत्तसंस्थेची एक वार्ताहर आणि 'ग्वांगमिंग डेली'चं एक तरुण जोडपं. एजन्सीची कॉपी टेकांवर टेक, म्हणजे तुकड्यातुकड्याने, येत होती, आणि आधीच्या टेकमधला आकडा पुढच्या टेकमध्ये टिकत नव्हता. मी आकड्यांची जागा मोकळी ठेवून बाकीची बातमी लिहायला घेतली.

वृत्तसंपादक टेबलाशी आले. म्हणाले, "व्हिएन्ना करार काढ रे. कायद्याची एक चौकट करू."

ग्रंथालयातून राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या कराराची प्रत आणली. कलम २२ वाचलं आणि चौकटीची पंचाईत झाली. दूतावासाची जागा अभंग, तिथे परवानगीशिवाय शिरायचं नाही, तिचं नुकसान होऊ द्यायचं नाही. पण ही सगळी जबाबदारी यजमान देशाची. इथे यजमान होता युगोस्लाव्हिया, ज्याच्यावर २४ मार्चपासून बॉम्ब पडत होते! वरून बॉम्ब टाकणाऱ्या तिसऱ्याबद्दल हे कलम बोलतच नाही. याचा अर्थ त्याला मोकळीक आहे असा नाही. नागरी इमारतीवर हल्ला युद्धाच्या कायद्यातही बसत नाही, आणि दूतावास ही नागरी इमारतच. पण 'व्हिएन्ना कराराचा सरळसरळ भंग' हे वाक्य जेवढं खणखणीत वाटतं, तेवढं ते सरळ नव्हतं. शिवाय त्याच दुपारी बीजिंगच्या अमेरिकी दूतावासावर दगड पडायला लागले, आणि तिथे यजमान होता चीन. राजदूत जेम्स सॅसर पुढे काही दिवस आतच अडकून राहिले. मी दोन्ही मुद्दे चौकटीत टाकले. वृत्तसंपादकांनी वाचून फक्त "हं" केलं आणि सही ठोकली.

नंतर अमेरिकेचा खुलासा आला. मारायची होती शस्त्रव्यवहार पाहणाऱ्या सरकारी पुरवठा संचालनालयाची इमारत. माहितीच चुकीची होती. चिनी दूतावास तिथे १९९६ मध्ये आला, हे नकाशांवर आणि याद्यांत उतरलंच नव्हतं, हा तपशील पुढच्या दिवसांत बाहेर आला. चीनने हा खुलासा तेव्हाही मानला नाही, नंतरही नाही.

चीनच्या मागणीवरून सुरक्षा परिषद तातडीने बसली. रशियाचे परराष्ट्रमंत्री इगोर इवानोव यांनी लंडनचा दौरा रद्द केला. नाटोचे सरचिटणीस सोलाना यांचा खेद आला, अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांचाही. पान लावताना माझ्या लक्षात आलं की निशच्या बातमीत एवढं काही नव्हतं, आणि याचं कारण माझ्याच टेबलावर दोन दिवसांपूर्वीच्या कात्रणात पडलं होतं. ६ मे रोजी बॉनजवळच्या पीटर्सबर्गला जी-८ च्या परराष्ट्रमंत्र्यांनी कोसोव्होच्या तोडग्याची तत्त्वं ठरवली होती, आणि त्यासाठी सुरक्षा परिषदेचा ठराव हवा होता. चीन आणि रशियाचा नकाराधिकार आडवा येईल म्हणून नाटोने परिषदेला वळसा घालून युद्ध सुरू केलं. ते संपवायला मात्र त्याच दारातून आत यायचं होतं. त्या दाराची एक कडी चीनच्या हातात होती. निशच्या बाजारातल्या माणसांकडे कसलीच कडी नव्हती. माझा तीन कॉलमी फॉलोअप शेवटी पानाच्या तळाशी एका कॉलमात, दहा ओळींत बसला. मी भांडलो नाही. जागाच नव्हती, आणि लीड कुठली हे मलाही कळत होतं.

पुढचे दिवस हाच धागा धरून मी कॉपी वाचत गेलो. चीनचे परराष्ट्रमंत्री तांग च्याशुआन यांनी चार मागण्या ठेवल्या: जाहीर माफी, सखोल चौकशी, निष्कर्ष प्रसिद्ध करणं, दोषींना कडक शिक्षा. लष्करी भेटीगाठी आणि मानवाधिकारांवरची बोलणी चीनने थांबवली. जर्मन चान्सलर श्रोडर यांचा ठरलेला चीन दौरा कापून एका दिवसाचा झाला, आणि १२ मे रोजी त्यांनी बीजिंगमध्ये नाटोच्या वतीने बिनशर्त माफी मागितली. १४ मे रोजी क्लिंटन फोनवर चीनचे अध्यक्ष च्यांग झमिन यांच्याशी बोलले. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांचं निवेदन आलं. त्यात दुःख, चिंता, सहानुभूती सगळं होतं, निषेध नव्हता. १० जूनला परिषदेत कोसोव्होच्या तोडग्याचा ठराव १२४४ मंजूर झाला, १४ विरुद्ध शून्य. चीन तटस्थ राहिला.

तोवर आमच्याकडे कारगिल पेटलं होतं आणि बेलग्रेड परदेशच्या पानावरही कसंबसं बसत होतं. जुलैअखेर मृतांच्या कुटुंबीयांसाठी आणि जखमींसाठी ४५ लाख डॉलर ठरले. डिसेंबरात दूतावासाच्या इमारतीपोटी अमेरिकेने २ कोटी ८० लाख डॉलर द्यायचं, आणि चीनमधल्या अमेरिकी कचेऱ्यांच्या नुकसानीपोटी चीनने २८ लाख ७० हजार डॉलर द्यायचं, असं ठरलं. एप्रिल २००० मध्ये या चुकीबद्दल सीआयएने एका अधिकाऱ्याला घरी पाठवलं आणि सहा जणांना समज दिली. बीजिंगचं त्यावर समाधान झालं नाही. पण १५ नोव्हेंबर १९९९ लाच अमेरिका आणि चीनमध्ये जागतिक व्यापार संघटनेतल्या चीनच्या प्रवेशाचा करार होऊन गेला होता, आणि ती बातमी आम्ही पहिल्या पानावर घेतली होती.