रताळ्याचं बी, ॲसिडचा फॉर्म आणि नेलकटर

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी रताळं घेतलं. नाशिकला गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून जांभळ्या, खोल कापलेल्या पानांचा शोभेचा वेल आणला, दुसरा साधा हिरवा, बदामी (हृदयाकृती) पानाचा. दोघांचा संकर करून रंग-आकार पुढे कसा उतरतो ते बघायचं. दिवस लहान झाले, फुलं आली, बोंडं धरली, सगळं सुरळीत. अडलं ते बियांपाशी.

या बीचं कवच इतकं टणक की पाणीच आत शिरत नाही. पुस्तकी उपाय म्हणजे तीव्र सल्फ्युरिक ॲसिडात थोडा वेळ बुडवून भरपूर धुणं. म्हणजे आला प्रयोगशाळेच्या स्टोअरचा फॉर्म. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲसिडविक्रीवर बंधनं आणली, नोंद हवीच, मान्य. पण बाटली कपाटाच्या काचेतून समोर दिसतेय आणि फॉर्म आपला फिरतोय! गाईडची सही झाली तर एचओडी (विभागप्रमुख) रजेवर, एचओडी आले तर म्हणे किती मिली ते अक्षरी लिहा, अक्षरी लिहिलं तर स्टोअरवाले काका म्हणतात, "ताई, हा जुना फॉर्म आहे, नवीन आला की कळवतो." कधी येणार? "आला की." महाशिवरात्र तोंडावर आली, गंगेवरच्या (म्हणजे आमच्या गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागले, माझं बी मात्र अजून पुडीत. शेवटी वैतागून नेलकटरच्या कानशीने एकेक बी घासलं, डोळ्याची (बी बोंडाला चिकटलेलं असतं ती) बाजू सोडून, आतलं पांढरं जेमतेम दिसेपर्यंत, आणि रात्रभर भिजवलं. उगवलं की! तुम्हीही थेट कानसच घ्या, कशाला त्या सह्या.

आणि मेंडेलच्या वाटाण्याचं 3:1 डोक्यातून काढा. रताळ्यात गुणसूत्रांचे सहा संच, एकूण 90. एका झाडात जनुकाच्या सहा प्रतींपैकी एकच प्रभावी आणि दुसऱ्यात एकही नाही, तर रोपांत तो गुण दिसणारी आणि न दिसणारी 1:1, दोन असतील तर 4:1, तीन असतील तर 19:1. त्यात आईबाप शुद्ध नसतातच, म्हणून पहिल्याच पिढीत बदामीपासून कापलेल्यापर्यंत मधली सगळी पानं दिसली. नोंद वेलाच्या मधल्या भागातल्या पानांचीच घ्या, कोवळं पान फसवतं. बीजपत्रं (बीतून येणारी पहिली दोन पानं) तर सगळ्यांचीच दुभंगलेली असतात, ती मोजूच नका.

हां, परागीकरण सकाळी लवकर उरका, दुपारपर्यंत फूल मिटतं. त्याच वेलाचे पराग लावू नका, बहुतेक वेळा बी धरत नाही.