व्याज किती, हा दुसरा प्रश्न

बेळगावहून फोन आला की तब्येतपाणी झाल्यावर हल्ली विषय घराच्या कर्जावर येतोच. वडगावचा मावसभाऊ टिळकवाडीत फ्लॅट बघतोय, आत्याच्या मुलाला खानापूर रोडला साइट, म्हणजे प्लॉट, घेऊन घर बांधायचंय, निपाणीचे जुने शेजारी मुलासाठी चौकशी करतात. आम्ही इथे ओहायोत, कोलंबसला घर घेतल्यापासून मला यातलं कळतं असा तिकडे समज झालाय. सगळ्यांचा प्रश्न एकच: "ताई, तिकडं व्याज किती लावतात?"

अमेरिकेतलं व्याज कळून बेळगावात घर घेणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो इथे कर्ज देणारा कसा निवडतात, याचा.

इथे एक कागद असतो, लोन एस्टिमेट. बरोबर तीन पानांचा, 2015 पासून साऱ्या देशात एकाच नमुन्याचा. तुमचं नाव, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), घराचा पत्ता, घराची अंदाजे किंमत आणि हवी असलेली रक्कम या सहा गोष्टी दिल्या की कर्ज देणाऱ्याने कामाच्या तीन दिवसांत तो कागद द्यायलाच हवा. मोठी बँक असो, क्रेडिट युनियन असो की नुसती फोनवर बोलणारी ऑनलाइन कंपनी, नमुना तोच. मग ते कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. वेगवेगळ्या दुकानांतला माल एकाच तागडीत घालावा तसं. दर रोज बदलतात, म्हणून कागद शक्यतो एकाच दिवसाचे घ्यायचे. चार ठिकाणी चौकशी केली तर क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण, ढासळेल अशी भीती असते. पण घरकर्जासाठी 45 दिवसांत केलेल्या चौकश्या एकच धरल्या जातात.

पहिल्या पानावरचा मोठ्या अक्षरातला दर सगळेच बघतात. खरी गंमत दुसऱ्या पानावर, पहिल्याच चौकटीत. कर्ज देणारा स्वतःच्या खिशात काय घालतो ते तिथे लिहिलेलं असतं, आणि तिथेच 'पॉइंट' लपलेले असतात. एक पॉइंट म्हणजे कर्जाच्या 1 टक्का रक्कम आगाऊ भरायची आणि बदल्यात दर थोडा कमी करून घ्यायचा. समजा कर्ज 3 लाख डॉलर, मुदत 30 वर्षं. साडेसहा टक्क्यांनी हप्ता 1,896 डॉलर, सव्वासहाने 1,847. महिन्याला 49 डॉलर वाचले. पण त्यासाठी 3,000 डॉलर आधी मोजले असतील तर ते भरून यायला पाच वर्षं लागतात. व्हिसावर आलेला माणूस पाच वर्षं त्याच गावात राहीलच याचा भरवसा कोण देणार? शिवाय मध्येच दर उतरले तर लोक जुनं कर्ज फेडून नवं घेतात, आणि भरलेले पॉइंट बुडीत खाती जातात. फोनवरचा सव्वासहावाला स्वस्त वाटतो तो असा.

आम्ही शेवटी घेतलं ते सगळ्यांत कमी दरवाल्याकडून नाही. त्याचा माणूस दर लॉक केव्हा करायचा, याचं सरळ उत्तर देईना. इथे ठरलेला दर 30, 45 किंवा 60 दिवस धरून ठेवता येतो. तेवढ्यात सौदा पूर्ण झाला नाही तर मुदतवाढीचे पैसे कोण भरणार, हे विचारलं की तो हवापाण्यावर बोलायचा. क्रेडिट युनियनच्या बाईंनी मात्र विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर ईमेलवर लिहून पाठवलं. दर किंचित जास्त होता, पण पॉइंट नव्हते. क्रेडिट युनियन म्हणजे आपल्याकडच्या पतसंस्थेसारखीच, सभासदांची. एक मोठा फरक असा, की इथल्या बहुतेक क्रेडिट युनियनमधल्या ठेवींना सरकारी विम्याचं अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण असतं.

आता बेळगावकडे येते. तिकडेही असा कागद आता हक्काने मिळतो, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या घरकर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात नुसता व्याजदर नसतो. प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, विमा असं सगळं धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात तो आकडा असतो. त्यात न लिहिलेला खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. कागद हाती पडल्यावर विचार करायला कामाचे किमान तीन दिवस मिळतात.

आणि सीमाभागातल्या आपल्या माणसांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं: हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा, समजावून सांगायचा आणि समजल्याची सही घ्यायची, असा नियमच आहे. आपल्याकडे कानडी किंवा इंग्रजी फॉर्मवर साहेब फुली मारतील तिथे सह्या ठोकायची सवय झाली आहे. "मराठीत समजावून सांगा, मग सही करतो" असं म्हणायला लाजू नका. भाषेचा वाद घालायचा नाही, नियमाचा कागद मागायचा.

मावसभावाने तो मागितला. एका बँकेत तोंडी सांगितलं होतं, "प्रोसेसिंग फी माफ, दर पाव टक्का कमी." कागद आला तर त्यात विमा निघाला, एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्यावरही वीस वर्षं व्याज. 40 लाखांना वीस वर्षांसाठी साडेआठने हप्ता साधारण 34,713 रुपये, सव्वाआठने 34,083. पाव टक्क्याने महिन्याला 630 रुपये वाचतात, वीस वर्षांचे दीड लाख होतात, कमी नाहीत. पण विम्याचा बोजा त्यातून वजा केला की उरतं काय, ते भावाने स्वतःच वहीत मांडलं आणि मला फोटो पाठवला. विमा घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. तो वेगळा घ्यावा, स्वतः बघून घ्यावा.

बँक आणि हाउसिंग फायनान्स कंपनी यांतला फरकही विचारून घ्या. बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, घरकर्जं 1 ऑक्टोबर 2019 पासून बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला), बांधलेली आहेत. रेपो उतरला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दरही उतरायला हवा. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ती सक्ती नाही. त्या स्वतःच्या दरावर चालतात, आणि तो वर जितका चटकन जातो तितका खाली येत नाही. वैयक्तिक फ्लोटिंग घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर मात्र दोघांनाही दंड लावता येत नाही.

आत्याच्या मुलाचं प्रकरण वेगळं. त्याला एका राष्ट्रीयीकृत बँकेने नाही म्हटलं, आणि एक सोसायटी, म्हणजे पतसंस्था, चार दिवसांत कर्ज द्यायला तयार झाली. घरात लगेच सुरू झालं, "बँकवाले आपल्या माणसांना असंच करतात, सोसायटी कशी पटकन देते बघ." मी त्याला विचारलं, बँकेच्या वकिलाने नेमकं काय म्हणून नाकारलं? उत्तर आलं ते असं: जागा ग्रामपंचायतीतली, विकणाऱ्याकडे ई-स्वत्तुचे (ग्रामपंचायतीतल्या मिळकतींची कर्नाटक सरकारची ऑनलाइन नोंद) नऊ आणि अकरा नंबरचे फॉर्म नाहीत, आणि बिगरशेती झाल्याचा आदेशही दाखवत नाही. म्हणजे खोट कर्ज देणाऱ्यात नव्हती, जागेत होती. सोसायटी दोन टक्के जास्त व्याज, शेअर्स आणि दोन जामीनदार घेऊन कर्ज देईलही. तिचे पैसे जामीनदारांच्या पगारावर सुरक्षित आहेत. तुमची जागा कशावर सुरक्षित आहे?

पतसंस्थांबद्दल मला राग नाही. शहापूरच्या विणकरांना आणि उद्यमबागच्या छोट्या कारखानदारांना बँका दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा त्यांनीच हात दिला. पण वीस वर्षांचं घरकर्ज आणि मोटर दुरुस्तीचं कर्ज यांत फरक आहे. सोसायटी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे वरचे बरेच नियम तिला लागू नाहीत. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम बँकांना, सहकारी बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना आहे. सोसायटीकडे जायचं असेल तर कागद परत कधी मिळणार, मुदतीआधी फेडलं तर काय, दर बदलायचा अधिकार कुणाला, एवढं तरी त्यांच्या शिक्क्यानिशी लिहून घ्या.

आणखी एक. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देते, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80, त्याहून वर 75. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन साधारणपणे त्या किमतीत धरत नाहीत. "शंभर टक्के लोन करून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर उरलेले पैसे तो कुठल्या नावाखाली काढून देतोय ते विचारा. बहुतेक वेळा ते जास्त दराचं वैयक्तिक कर्ज असतं.

सध्याची हकीकत अशी: मावसभावाने दोन बँकांचे कागद घेतलेत, तिसऱ्याची वाट बघतोय. फ्लॅटचा ई-खाता (मिळकतीचा ऑनलाइन उतारा) आणि नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून काढलेली ईसी (मिळकतीवर बोजा आहे का ते सांगणारा दाखला) तिन्हीकडे दिली आहे. आत्याच्या मुलाने साइटवाल्याला फॉर्म आणून दाखवायला महिन्याची मुदत दिली आणि इसार अजून दिलेला नाही. आत्या माझ्यावर जरा नाराज आहे, कारण पायाभरणीचा मुहूर्त काढून झाला होता.